लहान मुलांच्या स्कीइंगमधून स्टॉपवॉच बाजूला ठेवा

नागपुरात बर्फ पडत नाही, तरीही हिवाळ्यात मुलांना स्की शिकवायला गुलमर्ग किंवा औलीला नेणारे पालक माझ्या परिचयात वाढत आहेत, आणि त्यांतली बरीच मुले आमच्या रिंकवर इनलाइन स्केटिंग (एका ओळीत चाके असलेल्या बुटांवरचे स्केटिंग) शिकणारी आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. दोन्ही खेळांत तोल सांभाळण्याची रीत पुष्कळशी सारखी असते आणि बर्फ नसलेल्या महिन्यांत अनेक स्कीपटूही इनलाइन स्केटवर सराव करतात. काळजी वाटते ती घाईची. आठ वर्षांचा मुलगा उतारावरून पहिल्यांदा न पडता खाली येतो आणि वडील मोबाइलमधले स्टॉपवॉच थांबवून विचारतात, "मॅडम, पुढच्या वर्षी रेसिंगला टाकता येईल नं याला?" माझे स्पष्ट मत आहे की बारा वर्षांपर्यंत मुलांच्या वेळा मोजू नयेत आणि त्यांचे क्रमांक लावू नयेत.

स्कीच्या शर्यतीत गेटांमधून, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून, वळणे घेत कमीत कमी वेळात खाली यायचे असते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. लहानांचा उतार मात्र सौम्य आणि छोटा असतो. तिथे टाचांवर मागे रेलून, वळणात स्की घसरवत आले तरी पहिला नंबर मिळू शकतो. अंगाने थोराड मूल तर नुसत्या वजनानेही पुढे निघते. गट जन्मवर्षानुसार पाडले जातात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठे असते, आणि आठव्या वर्षी हे अंतर फार असते. आपण ज्या गुणवत्तेला टाळ्या वाजवतो, ती कित्येकदा निव्वळ जन्मतारखेची करामत असते. हेच मूल चौदाव्या वर्षी कडक, तीव्र उतारावर उतरते तेव्हा मागे रेलण्याची जुनी सवय त्याचा तोल घालवते, आणि गुडघ्याच्या लिगामेंटला इजा होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

गुलमर्गला नवशिक्यांच्या उतारावर एका काश्मिरी प्रशिक्षकांनी आमच्या एका मुलीच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि तिची नडगी व बुटाची जीभ यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवली. खाली पोहोचेपर्यंत ती घडी नडगीने दाबून धरायची, एवढेच काम तिला दिले. नंतर प्रत्येक वळणावर बाहेरच्या गुडघ्यावर हात ठेवायला सांगितले, म्हणजे डावीकडे वळताना उजव्या पायावर आणि उजवीकडे वळताना डाव्या पायावर भार आपोआप येतो. दुपारपर्यंत तिची वळणे गोल झाली होती, स्कीची कड बर्फात रुतू लागली होती आणि ती "सर, आणखी एकदा" म्हणून मागे लागली होती. त्या सकाळी कोणीही घड्याळ लावले नव्हते. नागपूरला परतल्यावर रिंकच्या वळणावरही तिचा भार बाहेरच्या पायावर पडताना मी पाहिला.

नॉर्वेने मुलांच्या खेळांसाठी 1987 सालीच नियम केले. मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचे होते, त्याआधी त्याच्या स्पर्धांच्या निकालांच्या याद्या आणि क्रमवारी लावता येत नाही, आणि तेरावे लागण्याच्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याला उतरवता येत नाही. जेमतेम 55 लाख वस्तीच्या या देशाने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 16 सुवर्णपदके जिंकली. याचे सगळे श्रेय या नियमांना देता येणार नाही, कारण तिथे बर्फ दारात असतो. पण या नियमांमुळे त्यांचे काही बिघडले नाही, हे तरी मान्य करावे लागेल. अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन लहानपणी शर्यतींपेक्षा सरावाला जास्त वेळ देत असे. तिने 2014 मध्ये अठराव्या वर्षी स्लॅलमचे, म्हणजे जवळजवळ लावलेल्या गेटांमधल्या शर्यतीचे, ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले आणि 2025 मध्ये विश्वचषक मालिकेतला शंभरावा विजय मिळवला.

आपल्या मुलांना तर वर्षातून आठवडा-दोन आठवडे बर्फ मिळतो. बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान गुलमर्गच्याच परिसरातला, अगदी लहानपणापासून स्कीवर वाढलेला. त्याच्याशी आपल्या मुलांची बरोबरी करण्यात अर्थ नाही. शर्यतीच्या दिवशी गेट लावणे, मार्ग पाहणे, थंडीत नंबराची वाट पाहत उभे राहणे यांतच दिवस सरतो आणि मुलाच्या वाट्याला मोजक्या फेऱ्या येतात. तेवढ्याच वेळात मोकळ्या उतारावर ते कितीतरी वळणे घेऊन शिकते. चुरशीशिवाय मुले घट्ट होत नाहीत असे काही पालक म्हणतात. मुले आपसात चुरस करतातच, त्यांना ती खुशाल करू द्यावी. तिचा तक्ता मोठ्यांनी भिंतीवर लावू नये.

यंदा जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी प्रशिक्षकांना विचारावे की एका प्रशिक्षकाकडे किती मुले असतील, दिवसाला किती फेऱ्या होतील आणि बूट मुलाच्या पायाच्या मापाचे मिळतील की "थोडे मोठे चालतात" असे उत्तर मिळेल. सैल बुटात नडगी टेकतच नाही. आमच्या रिंकवर बारा वर्षांखालील मुलांच्या वेळांचा तक्ता लावणे आम्ही बंद केले आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी संध्याकाळच्या बॅचनंतर जरूर भेटावे, सविस्तर बोलू. फक्त ते बोलणे मुलांसमोर नको.