आमचे येथे सर्व कुलकर्ण्यांची पत्रे स्वीकारली जातील

जीमेल 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाले, तेव्हा एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार ही बातमी अनेकांना एप्रिल फूलच वाटली होती. पुढे काही काळ कुणाचे तरी निमंत्रण असल्याखेरीज तिथे खाते उघडता येत नसे. असे एक निमंत्रण पदरात पडताच मी आपल्या नावाचे आद्याक्षर आणि त्याला लागून आडनाव, एवढाच सुटसुटीत पत्ता घेऊन टाकला. गावठाणात मोक्याचा प्लॉट पटकावल्याचा आनंद मला झाला होता. त्या प्लॉटमधूनच समस्त कुलकर्ण्यांची वहिवाट जाणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

माझ्यामागून आलेल्या, त्याच आद्याक्षराच्या कुलकर्ण्यांना पत्त्यापुढे जन्मसाल, गाव किंवा गाडीचा नंबर जोडावा लागला, आणि दुकानाच्या काउंटरवर घाईघाईने पत्ता सांगताना ते नेमके हे शेपूट विसरतात. काहींचा असाही समज आहे की मध्ये टिंब दिले म्हणजे पत्ता वेगळा झाला. जीमेल टिंबे जमेसच धरत नाही. टिंब कुठेही द्या, पत्र माझ्याकडेच येते.

त्यामुळे नाशिकच्या कुलकर्ण्यांनी व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरले आणि ते तिकडे फिरकत नाहीत, हे त्यांच्या पत्नीच्या आधी मला कळते. चिंचवडच्या कुलकर्णी बाई दर महिन्याला गुडघ्याच्या तेलाची मागणी नोंदवतात. न्यू जर्सीतील एडिसनच्या कुलकर्ण्यांना त्यांच्या सोसायटीने कचऱ्याचे डबे वेळेत आत न घेतल्याबद्दल तंबी दिली, ती मी निमूटपणे ऐकून घेतली. एका विवाहजुळणी संकेतस्थळावर तर माझ्या पत्त्याने एक अठ्ठावीस वर्षांचा, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट असलेला अभियंता नांदतो आहे. ‘तुमच्यात तीन मुलींनी रस दाखवला आहे’ असे पत्र सकाळी सातला येते. सौभाग्यवतींनी ते वाचले आणि ‘फ्लॅट कुठे आहे म्हणे?’ एवढेच विचारले.

पैशाच्या बाबतीत मात्र गुप्तता कडेकोट असते. चिंचवडच्या बाईंच्या खात्याचा उतारा येतो तो कुलूपबंद, आणि सोबत किल्ली कुठे ठेवली आहे याचे सविस्तर वर्णन असते: नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी कॅपिटलमध्ये, त्यापुढे जन्माचा दिवस आणि महिना. नाव पाकिटावर लिहिलेलेच आहे. जन्मदिवस तेलवाल्यांनी ‘खास आपल्यासाठी 15 टक्के सूट’ म्हणत मला कधीच कळवला आहे. उतारा मी उघडला नाही, यात माझ्या सभ्यतेचा वाटा मोठा असला तरी बँकेच्या सुरक्षाव्यवस्थेचा मुळीच नाही.

वास्तविक पत्ता खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर एक दुवा पाठवायचा आणि तो उघडला गेल्यावरच खाते चालू करायचे, ही रीत जुनी, सोपी आणि जवळजवळ बिनखर्चाची आहे. परंतु तेवढ्या वेळात गिऱ्हाईक निघून जाईल या धास्तीने पुष्कळ मंडळी मोबाइलवर ओटीपी घेऊन मोकळी होतात, आणि ईमेलचा रकाना लाल चांदणी लावून केवळ भरण्यापुरता ठेवतात. रकाना भरला जातो; कुणाच्या पत्त्याने, ही चौकशी करणे कुणाच्याच कामात बसत नाही.

नाव काढून घ्यायला जावे, तर खरी तपासणी तिथे सुरू होते. पत्राच्या तळाशी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत, ‘ही पत्रे नको असल्यास’ असे लिहिलेले असते. ते दाबले की लॉग-इन करा म्हणतात. पासवर्ड विसरलो म्हणावे, तर ओटीपी 47 ने संपणाऱ्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल नाशिकमध्ये व्यायामशाळेत न जाता झोपलेला असतो. थोडक्यात, मी तो नव्हे हे सिद्ध करण्यासाठी आधी मला तो व्हावे लागते. पत्राला उलट उत्तर लिहावे, तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यातच ‘उत्तर देऊ नये’ असे बजावलेले असते.

कायद्याचा आधार घ्यावा म्हणून 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा उघडला. त्यातील कलम 12 प्रमाणे माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा हक्क ती माहिती ज्याची आहे त्याला आहे. म्हणजे गुडघ्यांविषयीचा सगळा हक्क बाईंचा; माझ्या वाट्याला फक्त टपाल. कलम 15 मध्ये माहिती देणाऱ्यांचीही कर्तव्ये सांगितली आहेत, आणि ती मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे वाचून मी क्षणभर नाशिक, चिंचवड अशी बेरीज करू लागलो. परंतु दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत. शिवाय बाईंनी मुद्दाम काही केलेले नाही, आणि त्यांचे गुडघे खरोखरच दुखत असावेत.

शेवटी तेलवाल्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एक अतिशय विनयशील मुलगी बोलली.

“सर, आपला नोंदणीकृत मोबाइल नंबर सांगता का?”

“माझा नंबर तुमच्याकडे नोंदलेलाच नाही. मी तुमचा ग्राहक नाही.”

“ओके सर. मग तक्रार कोणत्या ऑर्डरबद्दल आहे?”

“ऑर्डर माझी नाही. पत्ता माझा आहे, तो तेवढा काढून टाका.”

“ईमेल काढता येत नाही सर, कंपल्सरी आहे. बदलता येतो. मॅडमचा दुसरा ईमेल देता का?”

मॅडमना मी ओळखत नाही, हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले. पलीकडे टंकलेखनाचा आवाज आला, मग थोडी शांतता, आणि मग तिने माझी अडचण पूर्णपणे समजल्याचे सांगून फक्त तक्रार नोंदवण्यापुरते माझे नाव, मोबाइल नंबर आणि वय विचारून घेतले. संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचे पत्र आले, त्यापाठोपाठ नव्या ग्राहकाचे स्वागत करणारे दुसरे आले. त्यात नाव माझे होते, आणि माझ्या वयाला सोसेल असे कंबरेचे एक तेल सुचवले होते.