शोध मंदावला की फोर्स मर्ज!

इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीत शोध जरा मंदावला की नोंदींचे लेखन चालू असलेल्याच इंडेक्सवर (नोंदींच्या संग्रहावर) फोर्स मर्ज, म्हणजे त्याच्या तुकड्यांचे सक्तीने एकत्रीकरण, चालवण्याचा हट्ट आमच्याकडे काही केल्या सुटत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो. इलॅस्टिकसर्चमध्ये सेगमेंट, म्हणजे इंडेक्सचा असा एक तुकडा, एकदा लिहिला की बदलत नाही; पुसलेल्या नोंदीवर केवळ खूण होते आणि तिची जागा मर्ज होतानाच सुटते. सक्तीने एकच अवाढव्य सेगमेंट केला, की तो ५ जीबीच्या मूळ मर्यादेपलीकडे जातो आणि त्यातल्या बहुतांश नोंदी पुसल्या जाईपर्यंत आपोआप होणारे मर्ज त्याला शिवतच नाही. शिवाय मर्ज संपेपर्यंत जुने आणि नवे दोन्ही सेगमेंट डिस्क अडवतात, आणि डिस्क ९५ टक्क्यांवर गेली की लेखनच बंद पडते! लेखन थांबलेल्या जुन्या लॉगवर (घडामोडींच्या नोंदींवर) हे खुशाल करावे. चालू इंडेक्सला हात का लावता?