विचारल्याशिवाय ग्राइंडर लावलाच कसा?

सोल बदलायला दिलेले बूट काल संध्याकाळी दुकानातून घरी आणले, पिशवीतून बाहेर काढले आणि पाच मिनिटं मला बोलताच येईना. आता बोलतो.

चार वर्षं वापरलेले बूट. बत्तीस हजारांचे. हो, बत्तीस हजार, आणि "एवढ्यात दहा जोड आले असते" हे ऐकवायला कृपया कुणी येऊ नका. आत्या, शेजारी, ऑफिसातले, सगळ्यांचं सांगून झालंय. ते दहा जोड मी घेतलेत. तीन-तीन हजारांचे, वरून चामडं, आत पुठ्ठा, सोल नुसता चिकटवलेला. वर्षभरात घडीवर चिरतात, पावसात तोंड उघडतात, मग कचऱ्यात. म्हणून दोन वर्षं पैसे बाजूला टाकून हे घेतले, ते एकाच कारणासाठी. ह्यांचा सोल शिवलेला होता. गुडइयर वेल्ट.

वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरवलेली चामड्याची अरुंद पट्टी. आतला टाका ती पट्टी, वरचं चामडं आणि पायाखालचा इनसोल एकत्र धरतो. बाहेरचा टाका तीच पट्टी खालच्या सोलला जोडतो. मधल्या पोकळीत बुचाचा थर भरलेला असतो, तो तुमच्या भाराने दबत दबत तुमच्याच पायाचा ठसा घेतो. दोन टाके वेगळे, म्हणून सोल झिजला की फक्त बाहेरचा टाका उसवायचा आणि नवा सोल त्याच पट्टीला शिवायचा. वरच्या बुटाला धक्काही लागत नाही. दीडशे वर्षं जगभर हे असंच चाललंय. सगळी मदार त्या पट्टीवर. पट्टी शाबूत तर बूट शाबूत.

दुरुस्तीवाल्यांनी तीच पट्टी ग्राइंडरने घासून टाकली.

पण राग काही कालचा एकट्याचा नाही. विकत घेतले त्या दिवसापासून साचलाय. शोरूममध्ये त्या माणसाने माझा पाय मोजलासुद्धा नाही. "तुमचा नऊ ना सर?" म्हणाला. स्पोर्ट्स शूजचा नंबर आणि फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ओढून बांधलेल्या बुटाचा नंबर एक नसतो, हे त्याला माहीत असायला नको? ते त्याचं काम आहे! नऊमध्ये टाच वर-खाली होत होती. साडेआठ द्या म्हटलं, तर "हाफ साइज येत नाही" म्हणाला आणि आठ पुढे केला. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जात होता. "चामडं आहे सर, महिन्याभरात सैल होतं."

चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. बुटाची सगळ्यात रुंद जागा आणि पायाच्या अंगठ्यामागचं हाड एका रेषेत आलं नाही, तर महिना काय, दहा वर्षं घाला. इंग्लंडच्या मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटर. त्या चार मिलिमीटरनी माझ्या डाव्या करंगळीवर कुरूप आलं. रुंदीचं तर नावच काढू नका. परदेशात एकाच नंबरात तीन-चार रुंद्या मिळतात, इथे एकच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय युरोप-अमेरिकेच्या पायांपेक्षा रुंद असल्याचंच दिसलं. मग त्यांच्या फरम्यावरचे अरुंद बूट आमच्या गळ्यात मारताना निदान संध्याकाळी या, पाय सुजलेला असतो तेव्हा मोजू, एवढं तरी सांगा. मी सहा महिने दुखणं सोसलं, कारण बिल फाडल्यावर बूट परत घेत नाहीत.

तरी मला ते बूट आवडायला लागले. हळूहळू बूच दबलं, टाच बसली. रोज बाइकवरून हडपसर ते हिंजवडी. डाव्या बुटावर गिअरच्या दांडीने रुपयाएवढा डाग पडलाय, तिथला रंग जाऊन खालचं तांबूस चामडं दिसतं. तो डाग मला प्रिय आहे. एक दिवस घालायचे, एक दिवस सुकू द्यायचे. भिजले की उन्हात नाही, गॅसजवळ तर नाहीच, आत वर्तमानपत्राचे बोळे. जुलैत कपाटात बुरशी येते म्हणून मी ते हॉलमध्ये पंख्याखाली ठेवायचो आणि बायकोची बोलणी खायचो. चार पावसाळे काढले त्यांनी.

ह्या मार्चमध्ये सोल झिजला, टाचेचं रबर तर चामड्यापर्यंत. सोल बदलायची वेळ, ज्याच्यासाठी बत्तीस हजार मोजले ती वेळ. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, सोल बदलायची सोय भारतात नाही, स्वखर्चाने परदेशात पाठवा. मग विकताना "आयुष्यभर दुरुस्त करता येतो" हे कुठल्या तोंडाने छापलं होतं? आग्र्यात, आंबूरमध्ये वेल्टचे बूट शिवून परदेशात जातात. म्हणजे मशिनं देशात आहेत, हात देशात आहेत, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला एक सोल शिवून द्यायला मला दीड महिना कुणी सापडलं नाही.

शेवटी बूट-बॅगांची लॉन्ड्री चालवणारं एक चकचकीत दुकान सापडलं. काचेचं दार, एसी. काउंटरवरच्या मुलाला मी बूट उलटा करून टाका दाखवला. म्हटलं, हा टाका उसवायचा, पट्टीला हात लावायचा नाही, नवा सोल शिवायचा. "वेल्ट ना सर, आम्ही करतो." साडेचार हजार, सगळे आधी. कागदावर लिहूनही घेतलं.

आणि काल काय मिळालं? पट्टी वरच्या चामड्याला टेकेपर्यंत सपाट घासलेली. टाक्यांच्या जागी धाग्याची तुटकी टोकं, झाडूच्या काडीएवढी, कडेने रांगेत उभी. खाली पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, रेडीमेड सोल, सोल्यूशनने चिकटवलेला, अंगठ्याजवळ आत्ताच नख जातंय. ह्या पीयूचा दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो. आतलं बूच काढून फोमचा तुकडा भरलाय, पाय टाकला की सोल्यूशनचा भपकारा येतो. चार वर्षांत माझ्या पायाने घडवलेला ठसा कचऱ्याच्या डब्यात गेला! आणि वर गिअरचा डाग काळ्या रंगाने माखलाय. त्याला हात लावायला सांगितलं होतं कुणी?

फोन केला तर म्हणे, "सर, शिलाई मशिन बंद होतं, म्हणून पेस्टिंग केलं, पण फिनिश एकदम नवीन दिसतंय." अरे, मशिन बंद आहे तर फोन कर ना! बूट परत न्यायला मी धावत आलो असतो. नाही जमत म्हणणाऱ्यावर मी कधी चिडलेलो नाही. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला ग्राइंडर लावणाऱ्यावर चिडलोय.

आज सकाळी नाक्यावर बूट शिवणाऱ्या मामांकडे गेलो. आधी का नाही गेलो, तर मला वाटलं, वेल्टचं काम फुटपाथवर कुठे होणार. त्यांनी बूट हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दादा, ही पट्टी कुणी घासली?" मी काही सांगायच्या आत. रापीच्या, चामडं कापायच्या सुरीच्या, टोकाने सोल जरासा उचलून आत बघितलं. पट्टी परत बसवायची तर इनसोलची कड लागते, म्हणाले, आणि तीही घासताना कापली गेलीय. आरीने हातशिलाई करता येईल, पण आता आरपार, सोलपासून थेट पायापर्यंत. "बूट चालेल, पण टाक्यातून पाणी आत येणार. पावसात घालू नका."

पावसाळा पंधरा दिवसांवर आलाय. बूट मामांकडे ठेवून आलोय. ॲडव्हान्स किती देऊ विचारलं, तर म्हणाले, आधी शिवून तरी बघू द्या. आणि तो काळा रंग निघतोय का बघा म्हणून मी त्यांना डावा बूट दाखवला, गिअरच्या डागाची जागा. त्यांनी फडक्याला थोडं थिनर लावून एका कोपऱ्यात घासलं. रंगाबरोबर चामड्याचा वरचा पापुद्राच सुटायला लागला. त्यांनी लगेच हात काढून घेतला.