‘आपोआप उतरेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मुलांच्या वजनावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "तिसरीतल्या पोराला कसलं डाएट? आमचा नातू १२५ सेंटिमीटर, ३२ किलो. खात्यापित्या घरातला आहे, क्रिकेटच्या क्लासलाही जातो, उंची वाढली की आपोआप उतरेल. आम्ही तूपसाखर-पोळी खाऊनच वाढलो."

डाएट करा असं लेखात कुठेच नाही. या वयात मुलाला उपाशी ठेवणं चूकच. आणि उंचीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. तिसरीतलं मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतं. नातवाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, आज २०.५ येतो (वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा). पुढच्या वर्षी उंची १३१ आणि वजन ३२ च राहिलं, तर तो १८.६ होईल, एक किलोही न उतरवता. पण वजन ३७ वर गेलं, तर २१.६. म्हणजे काटा आवरला तरच उंचीचा उपयोग. हा आकडा मोठ्यांच्या २५ च्या मर्यादेशी ताडू नका. मुलांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वयानुसार तक्ते आहेत, आणि तिसरीच्या वयाला २०.५ त्यातल्या जादा वजनाच्या रेषेच्या वर जातो.

तुपावर माझा राग नाही. चमचाभर तूप ४५ कॅलरी, पोळी चावून खायची, पोट भरतं. घोळ दुधाच्या कपात आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी मूल सडसडीत होणं नैसर्गिक असतं, पण घरी ‘वाळला’ म्हणतात आणि कप मोठा होतो. त्यात दोन चमचे चॉकलेटी पावडर, वर दोन चमचे साखर. नुसती वरची साखरच १० ग्रॅम, दोन वेळचे २०. पावडरीतली वेगळी, डब्यामागचा तक्ता वाचा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १७०० कॅलरी धरल्या, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वरून घातलेली साखर फार तर ४२ ग्रॅम, शक्यतो २१ च्या आत. बिस्किटं, जॅम, आंब्याचं टेट्रापॅक अजून यायचेच आहेत.

एकदम बंद केलंत तर तो दूधच टाकेल आणि चौथ्या दिवशी कुणीतरी गुपचूप साखर घालेल. म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, आधी साखर, मग पावडर. कप १५० मिलीचा ठेवा. घरात सगळ्यांनी एकच माप पाळायचं, आजीनेसुद्धा!

क्रिकेटच्या क्लासला जातो म्हणता, पण तासातली चाळीस मिनिटं रांगेत उभं राहण्यात जात असतील तर तो खेळ नव्हे. रोज ६० मिनिटं दम लागेल असं पळणं हवं; लंगडी, डबा ऐसपैस चालतं. झोप ९ ते १२ तास. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं ते झोपेसाठीच. तो वाचलेला तास रात्रीच्या मोबाइलला देऊ नका.

आणि एकदा त्याची मान मागून बघा. घडीत काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा असेल आणि घासून जात नसेल, तर तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. तसं असेल तर उंचीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.