शाफ्ट तापवून खाऱ्या पाण्यात बुडवू नका

पावसाळी बंदीत बोटी वर ओढल्या की हर्ण्यापासून मालवणापर्यंत मच्छीमारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'थकलेल्या धातूचे दाणे सुटतात. पंख्याचा शाफ्ट लालभडक तापवून खाऱ्या पाण्यात बुडवा, दाणे पुन्हा जुळतात. बारीक दाण्याच्या पोलादात चीर शिरत नाही. स्टेनलेसला तर भीतीच नाही.' हे वाचून माझा मामा शाफ्ट, म्हणजे इंजिनाला पंख्याशी जोडणारा दांडा, घेऊन भट्टीवाल्याकडे निघाला होता. म्हणून लिहितोय.

धातू बारीक स्फटिकांचा बनलेला असतो, त्यांनाच दाणे म्हणतात. ते सुटत नाहीत. 1903 साली युइंग आणि हम्फ्री या दोघांनी स्वीडिश लोखंडावर हजारो वेळा उलटसुलट ताण देऊन त्याचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही दाण्यांच्या आतच बारीक रेषा उमटल्या होत्या. दाण्यातले थर एकमेकांवरून घसरल्याच्या त्या खुणा. फेरे वाढले तशा रेषा रुंदावल्या आणि त्यांतूनच चिरा निघाल्या. पंख्याच्या वजनाने शाफ्ट किंचित वाकतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पृष्ठभागाला एकदा ताण बसतो, एकदा दाब. मिनिटाला 500 फेरे धरले तर तासाला 30,000.

आता ते तापवणं. हा सल्ला घातक आहे! चिरेच्या दोन्ही भिंतींवर गंज धरलेला असतो. भट्टीत तो आणखी वाढतो, त्यामुळे भिंती सांधल्या जात नाहीत. वर मध्यम कार्बनचं पोलाद लाल तापवून एकदम गार केलं की ते कडक आणि ठिसूळ होतं, आणि खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त झपाट्याने उष्णता ओढतं. त्या झटक्याने नव्या चिरा पडतात, शाफ्ट वाकडा होतो तो वेगळाच. असा शाफ्ट भर समुद्रात तुटला तर बोट लाटांच्या हवाली, आणि स्टर्न ट्यूबमधून (शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिच्यातून) मागे सरकला तर पाणी थेट आत. बोटीवर माणसं असतात, एवढं तरी मेसेज पुढे ढकलणाऱ्याने ध्यानात घ्यावं.

बारीक दाण्याची गोष्ट अर्धी खरी, तेवढी मान्य. चीर एखाद्या दाण्याएवढी असते तेव्हा दाण्याच्या सीमेवर अडखळते, कारण पलीकडच्या दाण्यात थरांची दिशा वेगळी असते. पण काही दाणे ओलांडून गेली की ती ताणाला काटकोनात वळते आणि दाण्यांना आरपार छेदत जाते. मग सीमा तिला फारशा रोखू शकत नाहीत.

स्टेनलेसचं थोडक्यात: बेअरिंगखाली पाणी साचून राहिलं की तिथे ऑक्सिजन पोचत नाही, पोलादावरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही आणि खड्डे पडतात. चीर तिथूनच सुरू होते.

शाफ्ट बाहेर आहे तोवर चावीच्या खाचेचे कोपरे आणि पंखा बसतो तो निमुळता भाग घासून स्वच्छ करा. चिरेत मुरणारी लाल डाय लावा, ती मुरली की पुसा, वर पांढरा डेव्हलपर (चिरेतली डाय बाहेर ओढणारी पूड) मारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तो शाफ्ट पुन्हा बोटीत बसवू नका.