ताईंचा पुतळा आणि सर्वांत कमी दराची निविदा

गटार बांधायचे असो, शाळेची कौले बदलायची असोत किंवा गोव्याच्या पहिल्या महिला मुख्यमंत्र्यांचा पुतळा घडवायचा असो, आपल्या सरकारी कारभाराला एकच पद्धत ठाऊक आहे: निविदा काढायची आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या गळ्यात काम घालायचे. आमच्या शहरात शशिकलाताई काकोडकर यांचा पुतळा उभारण्यासाठी नेमलेल्या समितीत मी नागरिकांच्या वतीने बसते आणि प्रत्येक बैठकीतून संतापून बाहेर पडते. चौथऱ्याला कोणता ग्रॅनाइट लावायचा, अनावरण आचारसंहितेआधी उरकेल की नाही, यावर तासन्‌तास चर्चा चालते. पुतळा कोण घडवणार, त्याने आजवर काय घडवले आहे, त्याने ताईंची छायाचित्रे तरी पाहिली आहेत का, असे विचारले की ‘बाई, ते कंत्राटदार बघेल’ असे उत्तर मिळते.

कंत्राटदार काय बघणार? तो रक्कम बघणार आणि काम आणखी स्वस्तात दुसऱ्याच्या हाती सोपवणार. व्यक्तिशिल्प असे होत नाही. शिल्पकार आधी लहान नमुना करतो, तो पसंत पडल्यावर पूर्ण आकाराचे मातीकाम करतो, आणि माती ओली आहे तोवरच हनुवटी, ओठ, डोळ्यांची ठेवण सुधारता येते. ज्यांनी त्या व्यक्तीला जवळून पाहिले आहे, त्यांना याच टप्प्यावर बोलवायचे असते. त्यानंतर साचा, मेणाची प्रत, ब्राँझचे ओतकाम आणि घासकाम यांत महिने जातात. आमच्या निविदेत मातीकामाच्या पाहणीचा टप्पाच नाही, आणि ‘ब्राँझ’ या शब्दापुढे ‘किंवा फायबर’ असे कोणीतरी गुपचूप जोडले आहे. फायबरवर ब्राँझचा रंग फासून तो आपल्या उन्हात आणि चार महिन्यांच्या पावसात उभा केला, तर त्याची काय दशा होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनविद्येचे गोमंतकीय प्रवर्तक आबे फारिया यांचे शिल्प उभे आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराची ती १९४५ सालची कृती, आणि आजही ती येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवते, कारण फारिया यांनी आयुष्यात काय केले, हे त्यांच्या पसरलेल्या हातांतून आणि कलंडणाऱ्या स्त्रीच्या देहातून दिसते. पोर्तुगीज अमदानीत जे जमले, ते आपल्याच राज्यात, आपल्याच पैशाने का जमू नये?

मला सर्वाधिक चीड येते ती फलकाच्या मसुद्याची. पहिल्याच ओळीत ‘भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सुकन्या’, त्याखाली अनावरण करणाऱ्यांची आणि उपस्थित मान्यवरांची नावे, आणि ताईंनी केलेल्या कामाचा एक शब्दही नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री असलेल्या भाऊसाहेबांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर ताईंनी कारभार हाती घेतला, तेव्हा साऱ्या देशात त्यांच्याआधी सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी या दोनच स्त्रिया मुख्यमंत्री झाल्या होत्या. १९७७ ची निवडणूक लढवून त्या पुन्हा त्या पदावर आल्या. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवरील घरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही उद्या बाहेर काढले जाण्याच्या भीतीत जगणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवणारी १९७६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. उतारवयातही, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या आंदोलनात, त्या पुढे उभ्या राहिल्या. चौथऱ्याच्या चार बाजूंवर कूळ, मुंडकार आणि मराठी शाळेतली मुले उत्थित, म्हणजे उठावाच्या, शिल्पात कोरावीत, असे मी सुचवले, तर त्याने दर वाढेल म्हणून तो विषय इतिवृत्तातही घेतला गेला नाही.

जागेचेही तेच. वाहतुकीच्या सर्कलमध्ये पुतळा बसवायचा घाट घातला आहे. सार्वजनिक रस्त्यांवर आणि पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला होता, आणि तसा तो नसता तरी ज्या ठिकाणी पायी पोचताच येत नाही, तेथे एखाद्या मुलीने त्यांच्यासमोर उभे राहून फलक वाचायचा कसा?

१९७९ मध्ये ताईंचे सरकार पडल्यानंतर गोव्यात दुसरी महिला मुख्यमंत्री झालेली नाही, आणि २०२२ च्या निवडणुकीत चाळीस आमदारांपैकी स्त्रिया फक्त तीन निवडून आल्या. म्हणून हा पुतळा उरकून टाकण्याचा विषय नाही. ही निविदा रद्द करून शिल्पकारांकडून नमुने मागवावेत, निवड जाणकारांनी करावी, ब्राँझच वापरावे आणि फलकावर ताईंचे काम लिहावे. पुढच्या बैठकीत मी हे लेखी देणार आहे, आणि या वेळी ते इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय मी सही करणार नाही.