मोनहनच्या मंत्री आणि आपल्या प्रशासकांच्या जिल्हा परिषदा

आयर्लंडचं राजकारण म्हटलं की आपल्याकडे लिओ वराडकरांचं नाव निघतं. मालवण तालुक्यातल्या वराडशी नातं असलेला माणूस पंतप्रधान झाला, याचा मलाही अभिमान आहे. पण घरच्या ग्रुपवर जिल्हा परिषद निवडणुकांवरचे वाद वाचताना मला आठवतात त्या वराडकरांच्याच मंत्रिमंडळातल्या हेदर हम्फ्रीज.

उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतचा कॅव्हन-मोनहन हा त्यांचा मतदारसंघ, सगळा शेती आणि दुधाचा मुलूख. कूटहिलच्या क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारख्या संस्थेत, त्या मॅनेजर होत्या. २००३ मध्ये काउंटी कौन्सिलवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेवर, स्वीकृत सदस्य झाल्या, २०११ मध्ये खासदार आणि २०१४ मध्ये मंत्री. आपल्याकडेही सहकारातून मंत्रालयाकडे वाट जाते, पण ती चेअरमनच्या खुर्चीवरून. संस्थेत पगारावर काम करणारी बाई त्या वाटेने जाताना क्वचितच दिसते.

मंत्रिपदाची सुरुवात काही चांगली झाली नाही. आपल्या पक्षाच्या एका उमेदवाराला कलासंग्रहालयाच्या मंडळावर नेमल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. पण ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाची शताब्दी आली तेव्हा ती जबाबदारी त्यांच्याच खात्याकडे होती. त्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या घरातल्या. आजोबांनी १९१२ मध्ये होमरूलच्या, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याच्या, विरोधात अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातल्या प्रतिज्ञापत्रावर सही केलेली. त्यांची नात मंत्री असताना सैनिक देशभरच्या प्राथमिक शाळांत जाऊन आयर्लंडचा तिरंगा आणि उठावाच्या जाहीरनाम्याची प्रत मुलांच्या हाती देत होते. हे मला फार मोठं वाटतं. पुढे त्यांनी ग्रामविकास खातं सांभाळलं, आणि छोट्या गावांत बसून शहरातली नोकरी करता यावी म्हणून कामाच्या सामायिक जागा उभारण्यावर भर दिला. २०२५ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक मात्र त्या मोठ्या फरकाने हरल्या.

आयर्लंडमधल्या काउंटी कौन्सिलच्या हाती फारशी सत्ता नाही. शाळा तिच्याकडे नाहीत, दवाखाने नाहीत. तरी २००४ पासून दर पाच वर्षांनी तिची निवडणूक झालीच. आपली जिल्हा परिषद शाळा चालवते, आरोग्य केंद्रं चालवते, आणि २०२२ मध्ये मुदत संपल्यावर कितीतरी ठिकाणी तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद खरा होता आणि तो सुटायलाच हवा होता. पण मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, हे राज्यघटनेतच लिहिलेलं आहे.

आर. आर. आबा सांगली जिल्हा परिषदेतून वर आले, विलासराव बाभळगावचे सरपंच होते. आज घराणेशाहीवर तावातावाने बोलणाऱ्या माझ्या मित्रांनी हेही विचारावं: ज्याच्यामागे घराणं नाही, त्याने या तीन वर्षांत सुरुवात करायची तरी कुठून?